पाटीचा उजवा कोपरा

पाटी रंगवून झाली की पेंटर उजवीकडं खाली, कोपऱ्यात, बोटभर उंचीच्या अक्षरांत स्वतःचं नाव टाकतो. आमच्या भागात ही रीतच आहे. दुकान खताचं असो, कापडाचं असो की पिठाच्या गिरणीचं, तो कोपरा पेंटरचा. दुकानदार हरकत घेत नाही. घेतलीच तर पेंटर त्याची पाटी रंगवत नाही.

ज्यांच्याबद्दल लिहितेय ते पेंटर आमच्या गल्लीतले. आईच्या माहेरकडून काहीतरी लांबचं नातं लागायचं म्हणून मी त्यांना पेंटरमामा म्हणायचे. माकणीच्या फाट्यावर बसची वाट बघताना मामा पाट्या वाचायचे नाहीत, नुसते कोपरे बघायचे. स्वतःची सही दिसली की मान हलवायचे. दुसऱ्याची दिसली की म्हणायचे, "हाताला घाई लई ह्याच्या." त्या फाट्यावरच्या पाट्या एकेक करून उतरल्या, फ्लेक्स लागले, तरी त्यांची नजर सवयीनं कोपऱ्यावरच जायची. तिथं आता फ्लेक्सच्या दुकानाचं नाव आणि मोबाइल नंबर असायचा.

त्यांनी माझ्याकडं एकच गोष्ट मागितली, आणि ती त्या कोपऱ्याएवढीच होती. मी दिली नाही. का दिली नाही हे सांगायचं तर आमच्या घरातल्या पत्रकांपासून सुरुवात करावी लागेल.

मी पत्रकांवर वाढले. वडील, म्हणजे आमचे अण्णा, भूकंपानंतरच्या पुनर्वसनाच्या लढ्यातले कार्यकर्ते. माझा जन्म नव्या गावातला. जुनं गाव मी पाहिलं ते दगडांचे ढीग आणि त्यावर माजलेल्या वेड्या बाभळी एवढंच. पण भांडण माझ्या लहानपणीही चालूच होतं. घरांची कागदपत्रं, पाणी, रस्ता, जुन्या गावठाणाची जमीन, एकेका गोष्टीसाठी पत्रक निघायचं. लोहाऱ्याहून छापून गठ्ठा यायचा आणि मी ओट्यावर बसून घड्या घालायचे. वाचायला शिकले तीच 'जाहीर आवाहन' या दोन शब्दांवर. शाळेच्या पुस्तकात कमळ आणि बदक होतं, माझ्या पत्रकात तहसीलदार होता.

अण्णांचा एक नियम होता. पत्रकाखाली कुणाचं नाव घालायचं नाही. शेवटची ओळ कायम एकच: 'आपले, सर्व गावकरी'. ते म्हणायचे, "नाव आलं की माणूस मोठा होतो आन् मागणी बारकी होती." ज्या तालुक्यात गटारीच्या कोनशिलेवरसुद्धा अकरा जणांची नावं कोरलेली असतात, तिथं हा नियम मला डोंगराएवढा वाटायचा. मी तो पाठ केला नव्हता, तो माझ्या रक्तातच होता.

नव्या गावातली घरं एकसारखी, रांगेनं, आणि प्रत्येकाला सरकारनं दिलेला नंबर. सुरुवातीला म्हणे माणसं दुसऱ्याच्याच घरात शिरून पाणी मागायची. मग लोकांनी पेंटरमामांकडून चौकटीवर नावं लिहून घेतली. मामा तेव्हा तरुण होते. घरांच्या नावांखाली त्यांनी सही केली नाही, कारण त्या दारांवर बऱ्याच जणांनी गेलेल्या माणसांची नावं लिहून घेतली होती आणि तिथं आपलं नाव शोभत नाही असं त्यांना वाटलं. हे त्यांनी स्वतः ठरवलं.

दुसरी वेळ मात्र अण्णांनी ठरवली. गावाच्या तोंडाशी असलेल्या भिंतीवर अण्णांनी मागण्या लिहायला सांगितल्या. मामांनी आयुष्यात तेवढी मोठी अक्षरं कधी काढली नव्हती. हमरस्त्यावरच्या एसटीतून वाचता येतील एवढी. अण्णांनी आधीच बजावलं होतं, की नाव टाकायचं नाही. अण्णा हा प्रसंग आम्हाला शिस्तीचा धडा म्हणून सांगायचे. "लिहून झाल्यावर पेंटर कोपऱ्यापाशी उभा राहिला. ब्रश हातात. पाच मिनिटं उभा. मग डबा झाकला आन् चहा प्यायला आला. ह्याला म्हणतात कार्यकर्ता." लहानपणी मला त्या गोष्टीत मामांचा अभिमान वाटायचा. ती पाच मिनिटं मला कधी दिसली नाहीत.

मी धाराशिवला कॉलेजात कॉम्प्युटर शिकले आणि तिथं मला लिनक्स सापडलं, कुणीही फुकट वापरावी आणि बदलावी अशी संगणकप्रणाली. माझ्यासारखीला ते सापडलं हे बरंच झालं, नाहीतर मी कुठल्या तरी पक्षात गेले असते. प्रयोगशाळेतल्या मशिनींवर चोरून घातलेली विकतची सॉफ्टवेअरं होती, आणि कुणाला त्याची लाज नव्हती. इथं मात्र जगभरातली माणसं एकत्र येऊन काहीतरी करत होती आणि वाटून टाकत होती. कुलूप नाही, मालक नाही. मला वाटलं, हे तर आमचंच पत्रक आहे, फक्त इंग्रजीत छापलेलं.

लिनक्सच्या एका वितरणासाठी, म्हणजे लोकांना वापरायला तयार करून दिलेल्या एका प्रकारासाठी, मी पॅकेज करायला लागले. पॅकेज म्हणजे गाठोडं. आत सॉफ्टवेअर किंवा फॉन्ट, आणि सोबत कागद: हे काय आहे, याला आणखी काय लागतं, कुणी केलं, कुठल्या अटीवर दिलं. अशी हजारो गाठोडी एका भांडारात असतात आणि माणूस नाव सांगून हवं ते मागवतो. म्हणून नावाला फार कडक नियम. सगळी अक्षरं रोमन आणि लहान. आकडे चालतील, अधिक-उण्याची खूण चालेल, टिंब चालेल, बाकी काही नाही. फुशारकी नको. नावावरून वस्तू कळली पाहिजे. आणि एकदा भांडारात गेलेलं नाव सहजी बदलायचं नाही, कारण इतर गाठोडी त्याच नावानं त्याला हाक मारत असतात.

हे नियम वाचताना मला अण्णा आठवायचे. माणसाचा मोठेपणा नाही, वस्तूचं काम तेवढं. मी ते नियम भक्तीनं पाळायचे आणि कुणी मोडले की ईमेलवर भांडायचे.

फॉन्टची कल्पना माझी. जिल्ह्याचं नाव बदललं तेव्हा मामांना वाटलं होतं की आता पाट्यांना तोटा नाही, दोन वर्षं मान वर करायला फुरसत मिळणार नाही. ब्रश नवे आणले, डबे आणले. मिळाल्या दोन पाट्या. एक शाळेची आणि एक दूध डेअरीची. बाकी सगळीकडं छापील अक्षरं चिकटली. नवे ब्रश तसेच कागदात गुंडाळलेले राहिले. मी सुट्टीला घरी आले होते. म्हटलं, "मामा, तुमचं अक्षर मी कॉम्प्युटरात घालते. जगात कुणालाही वापरता येईल, फुकट."

"फुकट?"

"फुकट म्हणजे मोकळं. कुणी अडवायचं नाही."

"मंग माज्या हातानं काय करायचं?"

"हातानंच करायचंय. सगळी अक्षरं मला रंगवून द्या."

त्यांनी दिली. जुने फ्लेक्स उलटे करून, मागच्या पांढऱ्या बाजूवर. ज्या फ्लेक्सनं धंदा मोडला त्याच्याच पाठीवर. कुणाच्या तरी वाढदिवसाचा फ्लेक्स, कुणाच्या निवडीचा. मामा म्हणाले, "फुडून लई हसत हुतं हे लेकाचं. आता पाठ कामाला आली." ओट्यावर फ्लेक्स पसरायचे, खडू लावलेली सुतळी ताणून तिला एक टिचकी मारायचे, की सरळ रेघ उमटायची. मग अक्षरं. शिरोरेघ मात्र शेवटी.

"आधी का काढत नाही रेघ?"

"आधी भिती, मंग छप्पर. उलटं केलं की काय हुतंय ते बघितलंय माय आपल्या गावानं."

फॉन्टमध्ये प्रत्येक अक्षराला आपापल्या शिरोरेघेचा तुकडा वाहावा लागतो आणि शेजारी आलं की तुकडे जुळतात, हे मी त्यांना दाखवलं तेव्हा ते पडद्याजवळ वाकले. मग म्हणाले, "ज्याचं त्याचं छप्पर ज्याच्या त्याच्या डोस्क्यावर. चालतंय. पाऊस आला तर भांडणं नको."

एक गोष्ट इथंच सांगून ठेवते. प्रत्येक फ्लेक्सच्या खालचा उजवा कोपरा ते मोकळा सोडायचे, वीतभर. मला वाटायचं, ओला फ्लेक्स उचलायला धरायची जागा आहे. कॉम्प्युटरात घालायला फोटो काढले की मी फोटोतला तो भाग कापून टाकायचे.

दिवाळीनंतर फॉन्ट तयार झाला आणि आम्ही नाव ठेवायला बसलो. मामा, मामी आणि मी, त्यांच्या ओट्यावर, भरदुपारी. मामी शेंगा फोडत होत्या. मी लॅपटॉप मांडीवर घेऊन नियम समजावून सांगितला. फॉन्टच्या पॅकेजचं नाव तीन भागांत असतं. आधी 'फॉन्ट्स' हा शब्द. मग आडवी खूण. मग ज्यानं केला त्याचं नाव. पुन्हा आडवी खूण. मग फॉन्टचं नाव. फॉन्टचं नाव आम्ही आधीच ठरवलं होतं: पाटी.

"आन् ह्ये समदं इंग्रजीत?"

"हो. नावात देवनागरी चालत नाही."

"म्हंजी आतमंदी आमचं अक्षर, आन् दारावर त्यांचं."

"नियम आहे, मामा."

"असू दे. नियमाला काय करतीस तू तरी." मग त्यांनी हात लुंगीला पुसले. रंगाचे नव्हते हात, तरी पुसले. "त्या मधल्या जागी कुणाचं नाव म्हणलीस?"

"करणाऱ्याचं. माणूस असेल, संस्था असेल."

मामा मामींकडं बघून हसले. मामींनी शेंगा फोडायचं थांबवलं. मला कळलं ते काय समजून बसलेत, आणि माझ्यातलं पत्रक उभं राहिलं. मी म्हटलं, की मामा, आपण व्यक्तीचं नाव नको घालायला. हे अक्षर काय एकट्याचं आहे का? तुम्ही कुणाकडून तरी शिकलात, गावानं तुम्हाला भिंती दिल्या, दारं दिली. नाव आलं की वस्तू त्या माणसाची होते. आपल्या चळवळीत नाव नसतं. अजून बरंच बोलले. मी चांगली बोलते.

मामा ऐकून घेत होते. मी थांबल्यावर म्हणाले, "व्हय. तुज्या अण्णांनी बी ह्येच म्हणलं हुतं. भितीच्या टायमाला."

"मग?"

"मंग काय न्हाय. कुणाचं नाव घालतीस म्हणतीस?"

"गावकरी."

"गावकरी म्हंजी कोण?"

"सगळे."

"समद्यांचं म्हंजी कुणाचंच न्हाय, पोरी." हे रागानं नव्हतं. रंग कुठला वापरायचा हे सांगावं तसं ते म्हणाले. मग, "कोपऱ्यात तरी?"

"फॉन्टला कोपरा नसतो, मामा."

मामी म्हणाल्या, "बिनकोपऱ्याचं काय असतंय बाय? भाकरीला न्हाय तेवढा."

मामा त्यावर हसले. मीही हसले. आणि मधल्या जागी 'गावकरी' टाइप केलं.

पॅकेज भांडारात जायच्या आधी कुणीतरी तपासतं. माझं पॅकेज दूरच्या देशातल्या एका स्वयंसेवकानं तपासलं. त्याला मी कधी पाहिलेलं नाही. त्यानं विचारलं, की नावाचं ठीक आहे, पण आत हक्कांची जी फाइल असते तिच्यातही तुम्ही कर्ता म्हणून 'गावकरी' लिहिलंय. ही अक्षरं प्रत्यक्ष काढली कुणी? मी त्याला दोन पानी उत्तर लिहिलं. सामूहिक श्रम, अनामिक परंपरा, व्यक्तिपूजा. त्यातलं एखादं वाक्य अण्णांच्या पत्रकातलं जसंच्या तसं होतं. त्यानं सबुरीनं लिहिलं, की निदान गावकऱ्यांच्या वतीनं परवानगी देणाऱ्या एका माणसाचं नाव लागेल. मी माझं दिलं. तो विषय मला इतका किरकोळ वाटला, की दिल्याचं माझ्या लक्षातही राहिलं नाही.

पॅकेज भांडारात गेलं. मराठी शाळांसाठीचा एक संच होता, त्यानंही ते सामील करून घेतलं. मी मामांना फोन केला. ते म्हणाले, "बरं झालं माय." मग विचारलं, "कुठं लागली म्हणायची पाटी?" मी म्हटलं, सगळीकडं. ते म्हणाले, "सगळीकडं म्हंजी बगायला कुठं जावं?" मी म्हटलं, गावी आले की दाखवते. पुढच्या दोन खेपांना मी घाईत होते.

ज्वारीची काढणी चालू असताना मामा गेले. छातीत दुखलं, सोलापूरला नेलं, तिसऱ्या दिवशी परत आणलं ते तसंच. मी पोचले तोवर सगळं आटोपलं होतं. गावात शिरताना त्याच भिंतीपाशी, जिच्यावरची अक्षरं चुन्याखाली कधीच गेली होती, मामांचा श्रद्धांजलीचा फ्लेक्स लावलेला होता. लग्नातल्या फोटोतून कापून काढलेला चेहरा, भोवती ढग, खाली दोन कबुतरं. अक्षर बाजारातलं तयार, जाडं, सावली घातलेलं. मामांनी बघितलं असतं तर म्हणाले असते, ह्याला ढेकर आलाय. फ्लेक्स भाच्यांनी मायेनंच लावला होता, त्यांना मी काय बोलणार. पण माझी नजर त्यांच्यासारखीच कोपऱ्यात गेली. तिथं फ्लेक्सच्या दुकानाचं नाव होतं. मोबाइल नंबरासकट.

माणूस गेला आणि त्याच्या शेवटच्या पाटीच्या कोपऱ्यातही दुसऱ्याचंच नाव. मी तिथंच रस्त्याच्या कडेला बसले. रडू आलं नाही. संताप आला, आणि पहिल्यांदाच तो कुणावर काढायचा हे मला कळेना.

घरी येऊन मी लॅपटॉप उघडला. मामांचं नाव कुठंतरी असेल, एखाद्या नोंदीत मी लिहिलं असेल, आभारात तरी असेल, अशी आशा होती. गाठोड्यातली एकेक फाइल वाचत गेले. मामांचं नाव कुठंच नव्हतं. माझं होतं. सांभाळणारी म्हणून माझं नाव. बदलांच्या नोंदवहीत प्रत्येक नोंदीखाली माझं नाव, तारीख, ईमेल, कारण तो नियम आहे. हक्कांच्या फाइलमध्ये गावकऱ्यांच्या वतीनं माझं नाव. एका स्वल्पविरामाची दुरुस्ती केली होती, तिच्याखालीसुद्धा माझं नाव. मी मोजली नाहीत. स्क्रोल करत गेले आणि ते येत गेलं.

मी नाव नको म्हणाले होते. नाव नको म्हणणारीचं नाव सगळीकडं होतं.

मी तसंच उठून अण्णांकडं गेले. ते परसात पाणी तापवत होते. मी विचारलं, "अण्णा, तुमच्या पत्रकावर नाव नसायचं, पण ते कुणी लिहिलंय हे गावात कुणाला माहीत नव्हतं का?"

"समद्यांना म्हाईत हुतं. तहसीलदाराला बी. भाषेवरून वळखायचा."

"आणि भिंत कुणी लिहिली ते?"

अण्णांनी चुलीत एक काटकी सरकवली. मग म्हणाले, "मुंबईचे पत्रकार आले हुते फोटो काढाया. इचारलं त्यांनी, अक्षर कुणाचं म्हणून. म्या म्हणलं, गावाचं." आणि काटकी आणखी आत ढकलून, "पेंटर तिथंच हुता. बाजूला." ते म्हातारे दिसले मला तेव्हा.

नियम वाईट होता असं मी आजही म्हणणार नाही. पण तो नियम आम्ही बोलणाऱ्यांनी केला होता. बोलणारा नाव झाकतो तेव्हा त्याचा आवाज ओळखू येतच राहतो. हातानं काम करणाऱ्याजवळ तो कोपरा सोडून दुसरं काही नसतं. आम्ही दोघांनी, बापानं आणि लेकीनं, एकाच माणसाकडून तो दोनदा काढून घेतला, आणि दोन्ही वेळा त्याग म्हणून त्याचं कौतुक केलं.

मी त्या स्वयंसेवकाला लिहिलं, की पॅकेजचं नाव बदलायचं आहे. मधल्या जागी माणसाचं नाव घालायचं आहे. कारणही खरं लिहिलं. या वेळी दोन पानं झाली नाहीत, चार ओळींत संपलं.

त्यानं लगेच उत्तर दिलं. पुढची आवृत्ती निघायची असल्यानं भांडार गोठवलेलं आहे, आत्ता नावं बदलत नाहीत. नंतर बदलता येईल. नव्या नावाचं पॅकेज करायचं आणि जुन्या नावाचं एक रिकामं पॅकेज ठेवायचं, ज्याच्या आत काही नसतं, फक्त जुन्या नावानं येणाऱ्याला ते नव्याकडं नेऊन सोडतं. मला आमचा कंडक्टर आठवला. बसमध्ये म्हातारी माणसं अजून जिल्ह्याच्या जुन्या नावानं तिकीट मागतात, तो काही न बोलता धाराशिवचं फाडून देतो. शेवटी त्या स्वयंसेवकानं लिहिलं होतं: नावाचं नंतर बघू. हक्कांच्या फाइलमधली चूक मात्र आजही दुरुस्त करता येते. ती चूकच आहे. मी तुम्हाला विचारलं होतं.

खरंच, त्यानं विचारलं होतं. मामांनीही विचारलं होतं, 'कोपऱ्यात तरी?' आणि मी सांगितलं होतं, की कोपरा नसतो. तो होता. प्रत्येक पॅकेजमध्ये असतो, कर्त्याचं नाव लिहायलाच ठेवलेला. नियम पाळण्यात इतकी पटाईत असलेल्या मला तेवढा एक नियम दिसला नव्हता.

तेराव्यानंतर मी मामींकडं गेले. लॅपटॉप घेऊन. त्यांना सगळं सांगितलं. मधल्या जागेचं, रिकाम्या पॅकेजचं, फाइलचं. त्यांनी ऐकलं. मग म्हणाल्या, "मधी आसू दे गावकरीच. बदलाबदली नको. त्यांचं कोपऱ्यात घाल. त्यांची जागा तीच."

"मामी, तेव्हाच घालायला हवं होतं."

"व्हय," मामी म्हणाल्या. त्यांनी मला समजावलं नाही, आणि त्याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. "त्यांला बगायचं हुतं. नाव काय, मेल्यावर बी कुणीबी लिवतंय."

फाइलच्या आत देवनागरी चालते. मी त्यांच्यासमोर ओळ बदलली. कर्ता: मामांचं पूर्ण नाव, पुढं पेंटर, पुढं गाव. ते नाव मी इथं लिहीत नाही. ते त्यांच्या जागेवर आहे, उघडून बघणाऱ्याला दिसतं.

मामी पडद्याकडं बघत होत्या. त्यांना वाचता फारसं येत नाही, पण हे एक नाव त्यांनी शेकडो पाट्यांवर पाहिलेलं. त्या म्हणाल्या, "ह्ये त्यांचं अक्षर न्हाय."

बरोबर होतं. पडद्यावर साधं, मशीनचं अक्षर होतं. मी सेटिंगमध्ये जाऊन फॉन्ट बदलला, 'पाटी' निवडला. ओळ हलली, आणि मामांचं नाव मामांच्या अक्षरात उभं राहिलं. शिरोरेघेचे तुकडे एकमेकांना बरोबर जुळले होते.

मामींनी पदर डोक्यावरून पुढं ओढला. मामा बाहेरून घरात आले की त्या ओढायच्या तसा.

थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "आन् खालचा फराटा?"

मला ते आठवलंच नव्हतं. मामा सही केल्यावर नावाखाली ब्रशनं एक फराटा मारायचे, एका दमात, डावीकडून जाड आणि उजवीकडं जाऊन केसाएवढा. तो कुठल्या अक्षरात नव्हता. मी त्यांच्याकडून सगळी अक्षरं मागितली होती, आकडे, जोडाक्षरं, पूर्णविरामसुद्धा. तो मागितला नव्हता. त्यांची एखादी सही फराट्यासकट कुठं उरलीय का बघायला माकणीच्या फाट्यावर जाऊन आले. शाळेच्या पाटीपाशी गेले, तिथं नुकताच रंग दिला होता. डेअरी बंद पडून पाटी पत्र्याच्या भावात गेली होती.

मग माडीवर ठेवलेले ते फ्लेक्स काढले. कापलेले फोटो नव्हे, मूळ फ्लेक्स. एकेक उलगडून ओट्यावर पसरला. अ पासून ज्ञ पर्यंत, मागं हसणारे चेहरे, पुढं मामांचं अक्षर. प्रत्येकाच्या खाली उजवीकडं वीतभर जागा कोरी होती. नीट मोजून सोडलेली. खडूची सुतळी तिथंही मारलेली होती, सहीसाठी, बारीक रेघ अजून दिसत होती.